पाण्याचा दिवस

केंद्रप्रमुख पंख्याखालची खुर्ची धरून बसले,
माझं हजेरीपत्रक मागंपुढं चाळत म्हणाले,
बाई, दर पाचव्या दिवशी
तुमची चौथी जाते कुठं?

पाणी येतं, सर.
त्या दिवशी पाणी येतं.

पूर्व भागात त्याला वेळ नाही.
कधी पहाटे चारला, कधी भर साडेअकराला
नळ आधी खाकरतो, मग गल्लीतून हाक येते,
नीळ्ळू वच्चिनै!
आणि भागाकार फळ्यावर तसाच राहतो,
बाकी न काढलेला.

सिरिषा कोडमची आई विड्यांची पाटी घेऊन
कारखान्याच्या रांगेत,
बाप मागावरची रात्रपाळी करून नुकता निजलेला.
म्हणजे घागरी, कळशा, ते निळं पिंप
आणि धाकट्याचं दप्तर भिजू न देणं,
हे सगळं हिच्याकडं.
नऊ वर्षांची आहे.
विड्यांचा कट्टा बांधते, पंचवीसचा, न बघता.
पंचवीसचा पाढा विचारला की खिडकीबाहेर बघते.
मी दोन महिने समजत होते, येत नाही.
एकदा हळूच म्हणाली,
घरात येतो बाई. इकडं आणताना सांडतो.

गुणवत्ता चाचणी नेमकी पाण्याच्या दिवशी लागली.
छत्तीसपैकी अकरा आले.
बसलिंगच्या पेपरवर ओल्या अंगठ्याचा ठसा,
खाली उतारा: ‘आमचे सुंदर गाव’,
त्यात नदी, आणि नदीवर पाच प्रश्न.

संध्याकाळी निकाल ॲपवर भरायचा होता.
घसरणीचे कारण निवडा:
पालकांची उदासीनता. स्थलांतर. आजारपण. इतर.
मी ‘इतर’ दाबलं, लिहिलं, पाणी.
ॲप म्हणालं, किमान दहा अक्षरं लिहा.
मग लिहिलं,
पाणी पाणी पाणी पाणी पाणी.
घेतलं त्यानं.

हे काही मी केंद्रप्रमुखांना सांगितलं नाही.
ते शेरा लिहीत होते: ‘वाचनस्तर असमाधानकारक.
शिक्षिकेने गृहभेटी वाढवाव्यात.’
अक्षर मात्र सुरेख त्यांचं.
एप्रिलचं ऊन पत्र्यावरून खाली उतरलेलं,
त्यांनी कपाळ पुसलं, विचारलं,
जरा पाणी मिळेल का?

शाळेची टाकी परवापासून कोरडी.
मी काही बोलायच्या आत सिरिषा उठली,
दप्तरातली बाटली काढून
दोन्ही हातांनी पुढं केली.
तहानलेले होते. बरंच प्यायले.

ती जागेवर गेली,
बाटली खिडकीच्या उजेडात धरली,
एक डोळा मिटून बघितलं
आणि झाकण घट्ट लावलं.