सात बाटल्या

कुमुद दातीर गेल्या तेव्हा
फ्रिजमध्ये भाजी नव्हती.
दाराच्या कप्प्यात नासर्डीचं पाणी,
सात बाटल्या. तारीख, वेळ, पुलाचं नाव,
आणि एकीवर : हात लावाल तर याद राखा.

त्यांच्याशी भांडला नाही असा माणूस
गंगापूर रोडला शोधून सापडायचा नाही.
भर सुनावणीत साहेबांना त्यांनी बेरीज करायला लावली,
त्यांच्याच अहवालातली.
चुकली होती.

मला दोनदा हाकललं.
एकदा वाढदिवसाला थर्माकोलच्या ताटल्या आणल्या म्हणून,
एकदा नुसतं, जाऊ द्या ना बाई, म्हटलं म्हणून.
दुसऱ्यांदा मी परत गेलो नाही.

त्यामुळे निकाल पेपरात वाचला.
पात्रातलं काँक्रीट फोडलं, तर खालून झरा,
करंगळीएवढा.
लोक म्हणाले, चमत्कार.
बाई म्हणाल्या म्हणे, चमत्कार कसला,
जुना नकाशा वाचा.

अख्खा देश अस्थी घेऊन रामकुंडावर येतो.
यांनी लिहून ठेवलेलं :
माझी राख नदीत टाकाल तर केस करीन.

म्हणून पेठ रोडला, त्या झाडापाशी,
आम्ही चौघंच.
क्लासच्या जाहिरातींचे खिळे
त्या पकडीनं उपटायच्या त्याच्या खोडातले,
भोकं अजून आहेत.
भाची मातीत हात घालून बसली होती.
कसलं झाड हे, काका?

पायर, म्हणालो.
बहुधा.

आणि मान खाली घालून उभा राहिलो.
बहुधा त्यांना चालायचं नाही.