पान तिसरे

फाइलचं नाव साधं : हक्कसोड_फायनल_२.
पाच पानं. वाघोलीची सव्वा एकर.
तिसऱ्या पानाच्या तळाशी सही,
शालन दत्तू भोंडवे.

शिवाजीनगर कोर्टामागच्या माझ्या खोलीत
पंखा मी एकवरच ठेवतो, कागद उडू नयेत म्हणून.
आता कागद येतच नाहीत. सवय राहिली.

मोठं करत जातो. चारशे टक्के, आठशे.
अक्षरं विरतात, चौकोन उरतात.
ज्या काचेवर ही पानं पालथी पडली
तिला डावीकडे एक चरा आहे, केसाएवढा.
पहिल्या पानावर तो आहे, दुसऱ्यावर आहे,
चौथ्या-पाचव्यावरही.
तिसरं पान त्या काचेवर कधी टेकलंच नाही.

त्याचा पांढरा फार पांढरा,
कुठल्याच घरातल्या कागदाचा नसतो असा.
पिनेची सावली नाही, मागच्या शिक्क्याची शाई झिरपलेली नाही.
फक्त सहीभोवती एक मळकट चौकट,
भिंतीवरची तसबीर काढल्यावर उरते तशी,
पण उलटी.
चौकटीत सहीच्या पोटाखालून निळी रेघ जाते
आणि रेघेखाली, वरून छाटलेलं,
'…कांची सही'.

पालकांची.

बाई दोन बस बदलून आल्या होत्या.
चष्मा न लावताच म्हणाल्या,
"माझीच हाय ही. खोटी कशी म्हनू?"
मी 'न'पाशी बोट ठेवलं. इथे पेन अडखळलंय, बघा.
"पोळपाटावर ठिवून केलेली. कडंला अडकलं.
सुयोग आठवीत व्हता, गणितात एकवीस.
बापाला दावू नको, आत्या, तूच कर म्हनला.
केली. पोळी करपली त्या नादात.
ते प्रगतिपुस्तक तर त्याच्याच…"

पंख्याचा आवाज मला पहिल्यांदाच मोठा वाटला.

फाइलच्या आत, सहसा कुणी बघत नाही तिथे,
वेळ असते, रात्री एक बावन्न,
आणि यंत्राला मालकानं दिलेलं नाव.
ते अहवालाच्या सातव्या कलमात जाईल.
सही अस्सल, पान बनावट : हे आठव्यात.
पोळपाटाला कलम नाही.

जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.
"साहेब, वार्षिकला पास झाला व्हता तो.
ते दिसतं का यात कुटं?"

छाटलेल्या कडेपलीकडे काही नसतं,
मला माहीत आहे, तीस वर्षं हेच करतोय.
तरी मी खुर्ची ओढली
आणि सोळाशे टक्के केलं.