भेसळ

अंगणवाडीच्या सतरंजीवर मी बंद पाकिटं पसरली.
पारबता लंजेनं उचललं, निघाला गट अ :
रोज अर्धा तास चालणं, बीपीची गोळी,
जवसाची चटणी, मंगळवारी डोक्याचे खेळ.
अनुसया शहारेला गट ब.
गट ब-ला एक छापील पत्रक.
तिला वाचता येत नाही.
तिनं घडी घालून ते बटव्यात ठेवलं
रेशनच्या पावतीशेजारी.

आली होती आपणहून.
"चूल इझवली का नाही, तीनदा पाहून येतो.
जावेचं नाव जिभेवर येते अन् उतरून जाते."
गाव हसतं. साठी बुद्धी नाठी म्हणतं.
डॉक्टर हसले नाहीत, एवढंच.

शंभरातून सात वजा करत जा, मी म्हटलं.
"पुडक्यात पानं सत्तर असतेत बाई.
तू शंभर कुठून आणले?"
पन्नास उन्हाळे तेंदू तोडलेल्या बाईचे
मी दोन गुण कापले.

घड्याळ काढा. पावणेचार दाखवा.
तिनं गोल काढला, छान, एका हातात.
आत काही नाही.
"राईस मिलचा भोंगा झाला का मी उठतो.
त्याले काटे नाहीत."

आणि पाच शब्द, थांबून परत विचारायचे :
आंबा, सुई, कंदील, पूल, पिवळा.
आंबा म्हणाली. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली,
जणू बाकीचे चार बोडीच्या पाळीवरून येतील.

सहा महिन्यांनी गेले तर
मी पिशवी खाली ठेवायच्या आत
आंबा सुई कंदील पूल पिवळा.
मग न विचारता उलटे महिने,
फागुन, माघ, पूस, अघन...
"अनुसयाबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"
ती एकदम खाली बघून
लुगड्याचा काठ मोजायला लागली.

दोघींच्या परसात बेशरमाचं कुंपण.
दर मंगळवारी संध्याकाळी, भांडी घासता घासता,
पारबता पलीकडून विचारायची, ही अलीकडून सांगायची.
पहाटे कालव्यावर चालायच्याही दोघी.
चटणी वाटीनं जायची, वाटी रिकामी परत यायची नाही.
गोळी तेवढी नाही दिली, पारबता शपथेवर म्हणाली.

मी तिला समजावलं : दोन गट वेगळे राहिले तरच
कळेल, कशानं फरक पडतो.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"बरोबर आहे तुमचं. पण मी एकटीनंच ध्यानात ठेवलं,
अन् उद्या मीच इसरलो,
तं मले कोण सांगन?"

साकोलीच्या एसटीत फॉर्म मांडीवर घेतला.
रकाना चौदा : गटांमध्ये भेसळ झाली आहे का?
होय-वर खूण केली.
दोघींचे आकडे बहुतेक बाद होतील.
शेऱ्यासाठी दोन बोटं जागा होती.
गाडी खड्ड्यातून जात होती, अक्षर वेडंवाकडं आलं :
कुंपण बेशरमाचं आहे.