मागची शिवण

घरात सगळे सांगत, कोट रंगूनचा.
आजोबांनी पलटणीतून आणला.
कुणा राणीचा होता, असं धाकटे काका सांगत,
दुसऱ्या पेगनंतर.
कुमुदआत्या काही बोलत नसे.

ती गेली, ट्रंक उघडली.
डांबरगोळ्या, एकाहत्तरचं वर्तमानपत्र,
आत घडी.
कागदाची तारीख कोटाची नसते,
एवढं मलाही कळत होतं.

मे महिना. शेचाळीस अंश.
आतून कापूस भरलेला कोट पिशवीत घालून
स्कूटरवरून तांडापेठेत,
धकाते मास्तरांच्या कूलरपुढे.
माग विकून त्यांना वीस वर्षं झाली.
अंगठा मात्र अजून सूत मोजतो.

कोट त्यांनी आधी पालथा केला.
समोरची फुलपाखरं पाहिलीही नाहीत.
‘पाठीत जोड आहे, पाय.
मागाचा पन्हा दीड हात, त्याहून जास्त नाही.
रुंद कापड असतं त कोन कायले जोडते?’

मग जर.
नखानं एक तार उचलली, उन्हात धरली.
‘आपली जर तारेची राहते, बाई.
हे त रेशमावर सोनेरी कागद गुंडाळला.
आपल्या इकडचं काम नाही हे.
जांभळा रंगही झाडाचा नाही, डब्यातला.
अन् बाजूच्या शिवणी मशीनच्या.
राणीगिणी सोड.
दुकानातला माल आहे, चांगल्या दुकानातला.’

मी वहीत लिहिलं: शंभर वर्षांच्या आतला.
खाली: बटणं पाच, कापडाच्या गाठींची,
एक नवी.

गळ्याच्या आत चार बारीक भोकं, चौकोनात.
‘इथं चिंधी होती, नावागावाची.
उसवली कोनं तरी. कापली नाही बरं,
एक एक टाका उसवला.’

तेव्हा मला सदर आठवलं.
म्हणजे मला नाही, आईला आठवायचं ते:
चिनी दातांच्या डॉक्टरची पाटी,
तिच्यावर रंगवलेली बत्तिशी,
आणि बासष्टच्या हिवाळ्यात
एका सकाळी खाली आलेलं शटर.
कुठे नेलं त्यांना, कुणी विचारलं नाही.
आपल्या घरात तर नाहीच.

आत्याचा एक दात सोन्याचा होता.
हसताना ती तोंडावर हात घ्यायची.

मास्तरांना मी हे सांगितलं नाही.
ते अस्तर चाचपत होते.
डाव्या बाजूला, आत, एक खिसा,
एम्प्रेस मिलच्या मांजरपाटाचा,
शिक्का अर्धा कापला गेलेला,
आकडे तेवढे शिवणीत गेलेले.
खिसा हाताने शिवलेला. तिरपा टाका,
दर सहाव्या टाक्याला एक उलटा.
माझ्या शाळेच्या स्कर्टची पट्टी अशीच असायची.

दोन बोटं घातली. रिकामा.
तळाशी थोडा भुसा, कागदाचा
किंवा कसरीचा.

डावी बाही कोपरापाशी झिजली आहे.
कोट घातला गेला होता तर.
आमच्याकडे थंडी वीस दिवसांची,
आणि त्या वीस दिवसांत आत्या टेलिफोन एक्स्चेंजला
रात्रपाळी मागून घ्यायची.

वहीत लिहिलं:
कापड, अंदाजे एकोणीसशे तीस.
खिसा, नंतरचा.
चिंधी,
आणि पेन तिथेच टेकून राहिलं.

मास्तरांनी कोट घडी केला, मागच्या शिवणीवर,
जशी ती आधीपासून पडलेली होती.
‘गरम होत असन बाईले,’ म्हणाले,
‘नागपुरात.’