फणीतून भांग

तांडापेठेत सूत येतं सायकलवर, गोणीत, गुपचूप.
हे आलं रिक्षातून, भरदुपारी,
सात कोन, भुरकट,
राखेत लोळलेल्या मांजरासारखे.
पौनीकरांच्या ओट्यावर पत्ते थांबले.

धरमपेठेची अन्विता म्हणाली, "काका, हे हेम्प. अल्मोड्याकडचं.
पाणी थोडंच लागतं याला. फवारणी नाही."
"म्हणजे भांग."
ती अडखळली. "भांगेच्या देठाची साल."
तिच्या पिशवीवर छापलेलं हिरवं पान
तिने हळूच आतल्या बाजूला वळवलं.

संध्याकाळी हवालदार उईके आले,
एक कोन उचलून नाकाशी नेला, डोळे मिटले.
ओल्या पोत्याचा वास. बस.
"चढत नाही काय रे?"
"चढते ना साहेब. अंगावर."
हसले.
पण वीतभर धागा तोडून खिशात घालूनच गेले.

कापूस माझ्या बोटांना ओळखतो,
तीन पिढ्यांची ओळख आहे.
हा मात्र सोयरिकीला आलेल्या माणसासारखा ताठ बसला,
चहाही नको, पाणीही नको.
पहिल्या दिवशी बेचाळीस वेळा तुटला.
त्यानंतर मी मोजलं नाही.

द्वारका म्हणाली, "अंबाडी हाय हे. अंबाडीवानी वागवा.
कोरडं राग धरते, ओलं ऐकते."
तिचा बाप साकोलीकडे दोर वळायचा.
डबक्यात दगडाखाली पेंढ्या कुजत पडायच्या,
आणि पोरींना शाळेत कुणी शेजारी बसवून घ्यायचं नाही
त्या वासापायी.
हे तिने लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी सांगितलं,
कांडी भरता भरता.

मे महिना. सेहेचाळीस.
घरात कूलर एक, त्याची एक बाजू वाळ्याविना.
तो आम्ही मागाकडे फिरवला.
रात्री सूत गारव्यात,
आम्ही गच्चीवर, ओली चादर पांघरून.
टँकर आला की एक बादली पिण्याची, दोन कूलरच्या.
पाणी थोडं लागते म्हणे याला.
शेतात लागत नसेल.

फणी भरणं दोघांचं काम.
ती पलीकडून टोक देते, मी आकड्याने ओढतो.
एक घर, दोन धागे. एक घर, दोन धागे.
तिचं डोकं माझ्यासमोर वाकलेलं,
मधला भांग बोटभर रुंद झालेला,
नाग नदीच्या पात्रासारखा, कुठे ओला, कुठे नुसता.
मी म्हटलं, "पाय वं, शब्द एकच.
तो भांग, ती भांग."
तिने मान वर केली नाही.
"दोघंही फणीतूनच जातेत," म्हणाली,
"हात चालवा."

चाळीस मीटर उतरलं.
खरबरीत, पण उन्हात धरलं की आरपार दिसणारं,
जसं पहाटेचं धुकं म्हणतात तसं नाही,
चाळणीतल्या पिठासारखं.
अन्विताने गालाला लावून पाहिलं,
गाल लाल झाला, तरी म्हणाली, "सुंदर."
मजुरी ठरल्याप्रमाणे दिली, वर वीस रुपये मीटरला.
खोटं कशाला बोलू.
नोटा मोजताना वाटलं,
आपल्यालाही जरा चढलीच.

पुढं जूनमध्ये ती आली, त्याच कापडाचा सदरा घालून.
खिशाला चिठ्ठी: धरतीसाठी विणलेलं.
धरतीचं माप कोणी घेतलं, मी विचारलं नाही.
"धुता धुता मऊ होईल, काका."
होत असेल.

मागावर शेवटी दशा उरतात, हातभर,
त्यांचं कापड होत नाही.
मी जाळायला काढल्या होत्या.
द्वारकेने त्या मांडीवर घेतल्या,
पीळ देत गेली, जोडत गेली,
बापाचे हात तिच्या हातात कुठे लपले होते कुणास ठाऊक,
आणि निघालेल्या दोरीने
कूलरची निसटती जाळी बांधून टाकली.

ती अजून तिथेच आहे.
दिवसभर भिजते.
मऊ अजून झालेली नाही.