तीन नमुने

सोहार. दवाखान्याचा दुसरा मजला.
बाहेर शमाल सुटलाय, खिडकीच्या फटीत वाळू करकरतेय,
आणि टेबलावर तीन कीबोर्ड मांडून
याकूबसाहेब म्हणतात, सिस्टर खातू, निवडा.
जणू मी मुलगी बघायला आलेय.

पहिला सिलिकॉनचा.
घावनासारखा गुंडाळावा, नळाखाली धुवावा.
पण बोट रुतवल्याशिवाय अक्षर उमटत नाही.
बिन्सीने ग्लव्हज घालून पोटॅशियम टाइप करून पाहिलं:
टिंब उमटलंच नाही,
तीन पूर्णांक आठचे झाले अडतीस.
पेशंट खरा नव्हता,
तरी आम्ही दोघी गप्प झालो.

दुसरा काचेचा, आरशासारखा.
त्यावर बोटांना काठ सापडत नाही.
डॉक्टर हिलाल अलिफ शोधत राहिले,
मग स्वतःचाच चेहरा बघून हसले.

तिसऱ्याला बटणं आहेत, शिवण नाही.
कोपऱ्यात एक छोटं कुलूप काढलेलं.
याकूबसाहेबांनी बोट ठेवलं ते किमतीवर.

मी जुना कीबोर्ड उलटा करून आपटला.
वाळू.
खुब्झचा चुरा. कुणाची तरी पापणी.
एक टिकली
(या मजल्यावर टिकली लावणारी मी एकटी).

त्याचा स्वॅब मी गेल्या आठवड्यात लॅबला दिला होता.
तिसऱ्या दिवशी बशीत उगवून आलं,
पिवळट, गोल,
रांगोळीचे ठिपके टाकून कुणी मध्येच उठून जावं तसं.
हात दाखवून अवलक्षण.
याचं अरबी मला जमलं नाही.
मी साहेबांना बशीच दाखवली.

दुलालला कुणी विचारलं नव्हतं.
तो बादली घेऊन दाराशी उभा होता, लादी वाळायची वाट बघत.
मीच म्हटलं, ये, तू सांग, रोज पुसणार तू.

तुटक्या हिंदीत म्हणाला,
जुना पुसला की पडद्यावर काहीबाही उमटायचं, दीदी.
कुणाचा तरी रिपोर्ट बिघडायचा. कुणीतरी ओरडायचं.
म्हणून मी त्याच्या आजूबाजूचं पुसायचो.

चार वर्षं.
टेबल केवढं लख्ख असायचं!
ओरडणारी मी असणार. बिन्सी ओरडत नाही.

त्याने तिसऱ्यावरचं कुलूप दाबलं.
हिरवा दिवा विझला.
मग फडकं ओलं करून, अख्खा पंजा टेकवून
इंग्रजी, अरबी, आकडे, टिंब,
सगळ्यांवरून हात फिरवला, सावकाश,
आणि पडद्यावर
काही उमटलं नाही.

मागणीपत्र मी जुन्यावरच टाइप केलं,
आधी हात चोळून, नंतरही चोळून.
कारण या रकान्यात लिहिलं: पुसता येतो.
याकूबसाहेब म्हणाले, पुसता तर तिन्ही येतात.

म्हटलं, दुलालला विचारा.