चोवीस ते सत्तर

पतसंस्थेतल्या बाईंनी फॉर्मवर लिहिलं, कर्जाचं कारण,
आणि पेन उचलून माझ्याकडं बघितलं.
"म्हशीला देतो, शिलाई मशीनला देतो.
ह्या नळकांड्याला काय लिहू?"
लिहा, अवजार.

छत्तीस हप्ते. जामीन लोहारांची आक्का,
जिनं जन्मात एकदाच फोटो काढून घेतला,
तोही रेशनकार्डासाठी.

वजन किलोला थोडं कमी,
गुळाच्या लहान रव्याएवढं.
पहिल्या रात्री लेन्स उशाशी घेऊन झोपले.
आई म्हणाली, पाळणा आणू का?

कड्यावर आकडे कोरलेत.
चोवीसवर अख्खा हॉल मावतो :
झुंबर, रुसलेला मेहुणा,
पांढऱ्या रश्श्याची बादली घेऊन पळणारा पोरगा,
कोपऱ्यात वऱ्हाडाच्या चपला राखत बसलेली म्हातारी.
मनगट एवढंसं वळवायचं,
की उरतो फक्त नवरीच्या आईचा अंगठा,
पदराचा सुटलेला दोरा ओढत राहिलेला.

दोन-दोन लेन्सा गळ्यात घालणारे असतात.
असू देत.
लेन्स बदलेपर्यंत मुलगी सासरी जाते,
ही म्हण मीच केलीय, लक्ष्मीपुरीत आता चालते.

सगळ्याला चालतं ते कशालाच धड नसतं,
असंही ऐकवतात जाणकार.
आमच्या घरात उलथनं एकच होतं.
भाकरी त्यानंच, पोळा त्यानंच,
आमच्या पाठींनाही त्याचीच ओळख.

मग तालमीच्या शंभरीचं पुस्तक निघालं. काम मला.
दौलू वस्ताद दारातच म्हणाले,
"फोटो काढ की पोरी, किती बी काढ.
पर हौद्यात बाईमाणूस येत न्हाई."

बरं, म्हटलं.
पहाटे पाचला उंबऱ्याबाहेर उभी राहिले.
आत एकच बल्ब, आणि उजाडल्यावर
झरोक्यातनं हातभर तिरीप.
मातीला ताकाचा आणि हळदीचा वास.
दोन पोरं एकमेकांच्या मानेत हात घालून
गुपित सांगावं तशी कपाळं टेकून उभी.
उघडायचं तेवढं उघडलं, दोन पॉइंट आठ.
खांब आले. पाठी आल्या. धूळसुद्धा आली.
सुदर्शनचा कान नाही आला,
घासून घासून कांदाभज्यासारखा झालेला,
ज्यात त्याची सात वर्षं आहेत.

कडं फिरवत राहिले.
सत्तरला बारीक टक् असं होतं
आणि लेन्स सांगते, माझं एवढंच,
पुढची पावलं तुझी.
मोजली होती मी. अठरा.

तीन दिवस तशीच उभी.
चौथ्या दिवशी वस्ताद चष्मा शोधून आले,
स्क्रीनवर बोट ठेवून ठेवून बघितलं.
"पोराचा कान का दिसंना?"
इथनं नाही दिसत.
तांब्यातलं पाणी प्याले. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.
मला वाटलं, आता म्हणतील, ये.
त्यांनी आत हाळी दिली,
"ए सुदर्शन, भाईर ये रं. उंबऱ्यावर बस."

तो बसला. अंगावरची माती अजून ओली.
मी इकडं, तो तिकडं, मधे वीतभर लाकूड.
सत्तरवर कान पानभर आला,
एकेक घडी, आणि घडीत अडकलेला लाल कण.
मग पोरानं कुत्र्यासारखं डोकं झटकलं,
आणि वस्ताद हसले, आणि मी लेन्स पोटाशी धरली,
पण उशीर झाला होता.

पुस्तकात एकेचाळीसाव्या पानावर आहे तो कान.
खाली माझं नाव, वेलांटी चुकलेली.
वस्ताद माणूस वाईट नाही. उंबरा जुना आहे.

पन्नास ओलांडताना कडं आता जरा कुरकुरतं.
दुरुस्तीवाल्यानं कानाशी धरून फिरवलं,
म्हणाला, माती गेलीय आत, बाराशे लागतील.
म्हटलं, राहू दे तिला आत.
अजून चौदा हप्ते आहेत.